नात्याचा हक्क आणि अमानतीचा हिशेब



१४ जून २०२० रोजी मुंबईतील वांद्रे येथे अभिनेता सुशांत सिंह राजपूत याचा राहत्या घरी मृत्यू झाला. चित्रपटसृष्टीशी कसलेही नाते नसलेला हा पाटण्याचा तरुण दिल्लीतील अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून मुंबईस आला होता. २००९ साली सुरू झालेल्या, एका मराठी तरुणाची कथा सांगणाऱ्या हिंदी मालिकेने त्याला घराघरांत पोहोचवले आणि २०१३ साली तो रुपेरी पडद्यावर आला. मृत्यूसमयी त्याचे वय अवघे ३४ वर्षांचे होते. टाळेबंदीचे दिवस होते, मशिदींना कुलपे होती, माणसे घरात अडकून पडली होती. त्या दिवसांत ‘नेपोटिझम’ हा इंग्रजी शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला. ज्यांनी तो पूर्वी कधी ऐकलाही नव्हता अशी वडीलधारी माणसे तो उच्चारू लागली.

उर्दूत त्याला ‘अक्रबापरवरी’ म्हणतात, मराठीत आपण ‘घराणेशाही’ किंवा सरळ ‘वशिला’ म्हणतो. मूळ शब्दाचा अर्थ पुतण्या-भाचा असा आहे. मध्ययुगीन युरोपात काही पोप आपल्या पुतण्या-भाच्यांना चर्चची मोठमोठी पदे बहाल करीत, त्यावरून तो रूढ झाला. रोगाला हे नाव धर्माच्या घरातच मिळाले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्या तरुणाच्या मृत्यूमागे घराणेशाही होती असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. अंतःकरणातील गोष्टी केवळ अल्लाहच जाणतो. परंतु त्या निमित्ताने उठलेला प्रश्न खरा होता. ज्याच्यापाशी गुण आहे पण बाप नाही, काका नाही, ओळख नाही, त्याने कोणाच्या दारात उभे राहावे? हा प्रश्न एकट्या चित्रपट व्यवसायाचा नाही. आपल्या घरातील बी.एड. झालेली मुलगी अनुदानित शाळेच्या मुलाखतीला जाते आणि जागा आधीच कोणाच्या तरी सुनेसाठी राखलेली आहे हे तिला तेथे गेल्यावर कळते, तेव्हा तोच प्रश्न तिच्या डोळ्यांत असतो.

यावर एखादा चाणाक्ष मुलगा आपल्याला अडवील आणि म्हणेल, “पण अब्बा, आपला दीन तर नातेवाइकांना देण्यास सांगतो. मग बापाने मुलाला पुढे आणले तर त्यात वाईट ते काय?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पवित्र कुरआनने आईवडिलांनंतर आप्तांचा हक्क सांगितला आहे आणि नाती तोडणाऱ्यांची कठोर शब्दांत निंदा केली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार परक्या गरिबाला दिलेल्या दानाचे एक पुण्य आहे, तर गरजू आप्ताला दिलेल्या दानाची दोन पुण्ये आहेत, एक दानाचे व दुसरे नाते जोडल्याचे. म्हणजे आप्तांवर खर्च करणे ही आपल्याकडे केवळ परवानगी नाही, ती इबादत आहे.

तर मग सीमा कोठे आहे? सीमा या प्रश्नात आहे की देणारा जे देत आहे ते कोणाचे आहे. स्वतःच्या खिशातून दिले तर ते ‘सिला-रहमी’ होय, म्हणजे नात्याचा हक्क अदा करणे. लोकांनी विश्वासाने सोपवलेल्या वस्तूतून दिले तर ती अमानतीतील खयानत होय. सूरह निसामध्ये अल्लाहने अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवण्याचा आदेश दिला आहे, आणि त्याच सूरहमध्ये पुढे न्यायावर ठाम राहण्यास सांगितले आहे, मग तो न्याय स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आप्तांच्या विरोधात का जाईना. भाष्यकारांनी अमानतीच्या अर्थात पैसा-अडक्याबरोबर पद, अधिकार, साक्ष आणि सल्ला यांचाही समावेश केला आहे. पद ही ज्याच्या हाती आले त्याची मालमत्ता नसते. तो तिचा राखणदार असतो.

इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुअत्ता’मध्ये एक प्रसंग आला आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीच्या काळात त्यांचे दोन पुत्र अब्दुल्लाह (रजि.) आणि उबैदुल्लाह सैन्यासोबत इराकला गेले होते. परतताना ते बसऱ्याचे अमीर हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना भेटले. अबू मूसांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. त्यांच्या मनात आले की या दोघांचे काही भले करता आले तर बरे. बैतुलमालची काही रक्कम मदीनेस पाठवायची होतीच. त्यांनी ती या दोघांना कर्जाऊ दिली आणि सुचवले की, हिच्यातून येथील माल घ्या, मदीनेत विका, मुद्दल अमीरुल-मोमिनीन यांच्याकडे भरा आणि नफा तुम्ही ठेवा. यात चोरी नव्हती. रक्कम बुडाली असती तर भरून देण्याची जबाबदारी त्या दोघांवरच होती. नफाही झाला.

हजरत उमर (रजि.) यांनी हिशेब घेताना एकच गोष्ट विचारली. अबू मूसांनी सैन्यातील प्रत्येकाला असेच कर्ज दिले होते काय? उत्तर आले, नाही. तेव्हा ते म्हणाले की, तुम्ही अमीरुल-मोमिनीनचे पुत्र म्हणून ते तुम्हाला मिळाले, तर मुद्दल आणि नफा दोन्ही जमा करा. अब्दुल्लाह (रजि.) गप्प राहिले. उबैदुल्लाह यांनी मात्र वाद घातला की तोटा आला असता तर तो आम्हीच सोसला असता. हजरत उमर (रजि.) आपल्या म्हणण्यावरून हलेनात. अखेरीस बसलेल्यांपैकी एकाने तोड सुचवली की याला भागीदारीचा व्यवहार समजावे. मग मुद्दल आणि निम्मा नफा बैतुलमालमध्ये गेला व निम्मा नफा पुत्रांना मिळाला.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगात नियम कोणी मोडला? वरवर पाहता कोणीच नाही. पुत्रांनी काही मागितले नव्हते. अधिकाऱ्याने प्रेमापोटी दिले. मेहनत त्या दोघांची होती, धोकाही त्यांचाच. आज एखाद्या बड्या कलावंताचा मुलगा नेमके हेच म्हणतो की, पहिली संधी मिळाली हे खरे, पण पुढे कष्ट मीच केले ना? त्याचे म्हणणे खोटे नसते. उबैदुल्लाह यांचेही खोटे नव्हते. म्हणूनच त्यांना निम्मा नफा मिळाला. पण जी संधी बापाच्या नावामुळे चालत आली आणि बाकीच्या सैन्याला मिळाली नाही, ती हिशेबात धरावीच लागली. आपल्या सर्व चर्चांत नेमकी हीच वजाबाकी कोणी करीत नाही.

दुसरा प्रसंग बुखारीच्या हदीसमधील आहे. जकात वसूल करण्यास पाठवलेल्या एका माणसाने परत येऊन सांगितले की हा माल तुमचा आणि हा मला भेट म्हणून मिळालेला. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी विचारले की हा माणूस आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? ही फार मोठी कसोटी आहे. पद नसते तर आले असते काय? नाव नसते तर बोलावले असते काय? प्रत्येकाने आपल्या पदराशी आलेली प्रत्येक सवलत या एका प्रश्नाजवळ आणून ठेवावी.

आणि गुणाला जागा कशी द्यावी, याचा नमुना अजानच्या आरंभी सापडतो. अजानचे शब्द स्वप्नात ऐकले ते हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांनी. ते अन्सारांपैकी, मदीनेचे रहिवासी. कोणत्याही दुनियेच्या रीतीप्रमाणे पहिल्या अजानचा मान त्यांचा ठरला असता. प्रेषित (स.) यांनी त्यांना सांगितले की हे शब्द बिलालला शिकवा, कारण त्याचा आवाज तुमच्यापेक्षा अधिक मोठा व सुरेल आहे. ज्यांना निवडले ते हबशी वंशाचे, काल-परवापर्यंत मक्केत गुलाम म्हणून मार खाणारे. ज्यांनी आपला मान दुसऱ्याच्या हाती दिला त्यांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द निघाल्याचे कोठे नमूद नाही. त्यांनी शिकवले, बिलाल (रजि.) यांनी अजान दिली.

आता चित्रपट व्यवसायाकडे पाहू. (पडद्यावर काय दाखवले जाते, ते पाहावे की नाही, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर या मासिकात वारंवार लिहिले गेले आहे. येथे प्रश्न न्यायाचा आहे.) एखादा निर्माता स्वतःच्या कमाईतून मुलासाठी चित्रपट काढतो, तेव्हा पैसा त्याचा असतो. त्याला अमानतीचा चोर म्हणता येणार नाही. पण तोच निर्माता आपल्या वजनाने दुसऱ्याचे ठरलेले काम काढून घेतो, चार ठिकाणी फोन करून एखाद्याची दारे बंद करतो, नवख्या लेखकाची कथा ऐकून ती आपल्या माणसाच्या नावावर खपवतो, तेव्हा तो जुलूम असतो आणि जुलूम आपल्या पैशाने केला तरी जुलूमच असतो. तेथे काम करणाऱ्यांच्या तोंडून ज्या तक्रारी ऐकू येतात, त्या बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

हे असेच चालत आले आहे असे मात्र समजू नये. याच मुंबईत पेशावरच्या फळविक्रेत्याचा मुलगा यूसुफ खान, ज्याने पुण्यातील लष्करी क्लबच्या कँटीनमध्ये काम केले होते, तो कोणाचा कोणी नसताना ‘बॉम्बे टॉकीज’मध्ये पगारी नोकर म्हणून लागला आणि १९४४ साली ‘दिलीप कुमार’ या नावाने पडद्यावर आला. मुहम्मद रफी यांच्या थोरल्या भावाचे लाहोरात केशकर्तनालय होते. महबूब खान गुजरातमधून आले. लखनौचे नौशाद अली मुंबईत आले तेव्हा त्यांना आसरा देणारे कोणी आप्त नव्हते. जिथे पहिली पिढी अशी रिकाम्या हाताने आली, तिथेच पुढे आडनाव पाहून दार उघडण्याची रीत पडली. कोणत्याही व्यवसायाचे असेच होते. ज्याने दार ठोठावून हात सोलवटून घेतलेले असतात, त्यालाच आपल्या मुलाने ते ठोठावू नये असे वाटते. ही ममता आहे, आणि ममताच येथे परीक्षा आहे. हजरत उमर (रजि.) जखमी होऊन अखेरच्या घटका मोजत असताना त्यांनी पुढील खलीफा निवडण्यासाठी सहा जणांचे मंडळ नेमले. पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांची विद्वत्ता व परहेजगारी सर्वांना ठाऊक होती. वडिलांनी त्यांना सल्ल्यासाठी बसण्यास सांगितले आणि त्याच वेळी स्पष्ट केले की खिलाफतीत त्यांचा वाटा असणार नाही.

आता ते सुरुवातीचे स्मरण करा की रोगाचे नाव धर्माच्या घरातून आले. वांद्र्याच्या आणि जुहूच्या बंगल्यांवर बोट दाखवणे सोपे आहे. आपल्या मोहल्ल्यातील मशिदीच्या ट्रस्टवर किती आडनावे आहेत, ते कधी मोजले आहे काय? कोकणातील गावांत जमातीचे अध्यक्षपद दोन-तीन घरांबाहेर जात नाही. अनेक संस्थांच्या शाळांत शिक्षक कोण, लिपिक कोण आणि शिपाई कोण, याचा शोध घेतला तर संस्थाचालकांची वंशावळ सहज तयार होते. मदरशाचा कारभार वडिलांकडून मुलाकडे जातो. मुलगा लायक असेल तर अल्हम्दुलिल्लाह. पण तो लायक आहे की नाही हे विचारण्याची बैठकच भरत नाही. वक्फ करणाऱ्याने वक्फनाम्यात मुतवल्लीपद वंशपरंपरेने लिहून ठेवले असेल तर ती त्याची अट आहे आणि तिचा मान राखावा लागेल. तसे काही लिहिलेले नसताना चंद्यावर उभ्या राहिलेल्या, गोरगरिबांच्या पाच-दहा रुपयांनी बांधलेल्या वास्तूला जेव्हा वारसा हक्क लागतो, तेव्हा काय म्हणावे? निर्मात्याजवळ निदान ‘पैसा माझा आहे’ हे उत्तर तरी असते. ट्रस्टीजवळ तेही नाही. बुखारीच्या हदीसमध्ये, अमानत वाया जाणे म्हणजे काय असे विचारले गेले तेव्हा प्रेषित (स.) यांनी सांगितले की, कारभार जेव्हा अपात्रांच्या हाती सोपवला जाईल तेव्हा कियामतची वाट पाहा. हजरत अबू जर (रजि.) यांच्यासारख्या सच्च्या सोबत्याने पद मागितले तेव्हा त्यांना प्रेमाने समजावण्यात आले की तुम्ही या कामी दुर्बल आहात व ही अमानत आहे. नेकी वेगळी आणि पात्रता वेगळी, हे इतक्या उघडपणे एका नेक माणसाला सांगितले गेले. आपण मात्र आपल्या भाच्याला हे सांगू शकत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. २०२० सालच्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात नामांकितांच्या मुला-मुलींना, ज्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती, हजारोंनी शिव्याशाप दिले. त्यांचा अपराध एवढाच की ते अमुक घरी जन्मले. कुरआनने हे तत्त्व एकाहून अधिक ठिकाणी सांगितले आहे की कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. हजरत नूह (अलै.) यांचा पुत्र बापाच्या पुण्याईने बुडण्यापासून वाचला नाही आणि हजरत इब्राहीम (अलै.) यांचे पिता मूर्तिपूजक असल्याचे लांच्छन पुत्राला लागले नाही. जन्म हा सन्मान नाही तसा तो गुन्हाही नाही.

मोठेपणाची ही सिंहासने उभी कोण करतो, हे मात्र पाहिलेच पाहिजे. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री हैदराबादच्या संध्या चित्रपटगृहात एका तेलुगू चित्रपटाच्या खेळाला नायक येणार म्हणून गर्दी उसळली. चेंगराचेंगरीत ३५ वर्षांची एक माता मरण पावली, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या क्रिकेट मैदानाबाहेर विजयाचा सोहळा पाहण्यास आलेल्यांपैकी ११ जण असेच गेले. ही माणसे कोणत्या युद्धात गेली नव्हती. एखाद्या चेहऱ्याची दोन क्षण झलक मिळावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि आपली ईद? फित्रा देऊन, नमाज पढून, आईच्या हातची शीरखुर्मा खाऊन आपली तरुण मुले कोठे जातात? मुंबई-ठाण्यातील वाचकांना हे ठाऊक आहे. वांद्र्याच्या बँडस्टँडवर, एका इमारतीच्या सज्जाखाली आणि एका बंगल्याच्या फाटकासमोर दर ईदला मोठी गर्दी जमते. सज्ज्यात एक हात हलतो आणि खाली आरोळ्या उठतात. ज्या दिवशी नातेवाइकांच्या घरी जायचे, आजाऱ्याची विचारपूस करायची, कब्रस्तानात जाऊन आपल्या मृतांसाठी दुआ करायची, तो दिवस एका अनोळखी माणसाच्या खिडकीखाली उन्हात जातो. व्यवसायवाल्यांना याचा हिशेब पक्का ठाऊक आहे. म्हणून तर ईदच्या आठवड्यात चित्रपट प्रदर्शित होतात. तीस रोजांनंतर खिशात आलेली ईदी नेमकी कोणाकडे जावी, हे त्यांनी वर्षभर आधी ठरवलेले असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम वारले त्याच दिवशी मदीनेत सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की प्रेषितांच्या पुत्राच्या मृत्यूमुळे सूर्याला ग्रहण लागले. विचार करा, ज्याला स्वतःचा मोठेपणा वाढवायचा आहे त्याच्यासाठी याहून मोठी संधी कोणती? काही बोलण्याचीही गरज नव्हती, केवळ गप्प राहिले तरी पुरे होते. ज्या बापाच्या डोळ्यांतील अश्रू अजून वाळले नव्हते, तो उठला, त्याने नमाज पढवली आणि लोकांना सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. आपली स्तुती करताना मर्यादा ओलांडू नये, आपल्याला अल्लाहचा दास व त्याचा प्रेषित एवढेच म्हणावे, असेही त्यांनी बजावले. हजरत अनस (रजि.) सांगतात की सहाबांना प्रेषितांहून प्रिय कोणीही नव्हते, तरी ते आल्यावर सहाबा उठून उभे राहत नसत, कारण त्यांना ते आवडत नाही हे माहीत होते. ज्या उम्मतला आपल्या प्रेषितासाठी अशी मर्यादा शिकवली गेली, तिच्या मुलांनी नटाच्या खिडकीखाली कसे उभे राहावे?

जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानात मुहम्मद रफी, मधुबाला, नौशाद अली, साहिर लुधियानवी यांना दफन करण्यात आले. ३१ जुलै १९८० रोजी रफी यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी भर पावसात त्यांच्या जनाजाला लोटलेली गर्दी मुंबईतील जुनी माणसे अजून सांगतात. २०१० साली नव्या मय्यतींसाठी जागा हवी म्हणून त्या कब्रस्तानातील या नामवंतांच्या पक्क्या कबरी काढून टाकण्यात आल्या. चाहते हळहळले. पण व्यवस्थापनाने जे केले ते प्रत्येक भरलेल्या कब्रस्तानात करावे लागते. आज तेथे मजुराच्या कबरीची माती आणि त्यांची माती वेगळी करून दाखवणे कोणालाही शक्य नाही. अल्लाह त्या सर्वांवर दया करो.

आता त्या २०२० सालातील एका गोष्टीकडे वळू, जी बोलण्यास कठीण आहे. मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन येथील तबलिगी मरकजवरून वृत्तवाहिन्यांनी काय केले हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. रोगाचा प्रसार म्हणजे कारस्थान ठरले. अनेक ठिकाणी भाजीवाल्याचे नाव विचारून त्याला गल्लीतून हाकलले गेले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे आणि माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाल्याचे नमूद केले. आपण ते निकालपत्र एकमेकांना पाठवले, शुक्राच्या नफिल नमाजा पढल्या.

त्याच ऑगस्टमध्ये, त्याच वाहिन्यांवर, त्याच निवेदकांच्या तोंडून आपण दुसरे काय ऐकत होतो? मरण पावलेल्या अभिनेत्याच्या मैत्रिणीला खुनी, लोभी, जादूटोणा करणारी ठरवले जात होते. ८ सप्टेंबरला अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला अटक झाली, ७ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला. भायखळ्याच्या तुरुंगात तिचे २८ दिवस गेले. त्याच महिन्यात दिल्लीच्या एम्समधील वैद्यकीय मंडळाने हत्येची शक्यता फेटाळली. मृताच्या नावे बनावट ट्विट दाखवल्याबद्दल एका मोठ्या वाहिनीला वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने १ लाख रुपये दंड केला. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. एप्रिलमध्ये ज्या वाहिन्यांचा एक शब्दही खरा मानू नका असे आपण मुलांना सांगितले, ऑगस्टमध्ये त्यांचाच प्रत्येक शब्द जेवताना चवीने ऐकला. फासिकाने आणलेल्या बातमीची शहानिशा करा, हा सूरह हुजुरातमधील आदेश आपल्याविषयीच्या बातमीपुरता नव्हता. त्याच सूरहमध्ये गीबतीला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे आणि बहुतेक गुमानांपासून दूर राहण्यास सांगितले आहे.

हजरत आयशा (रजि.) यांच्यावर बालंट आले तेव्हा मदीनेतील एका घरात हजरत अबू अय्यूब (रजि.) यांच्या पत्नीने लोक काय बोलत आहेत ते पतीला सांगितले. त्यांनी पत्नीला उलट विचारले की, तू असे काही केले असतेस काय? ती म्हणाली, अल्लाहची शपथ, नाही. ते म्हणाले, मग आयशा तुझ्याहून श्रेष्ठ आहेत. चर्चा तेथेच थांबली. येथे व्यक्तींची तुलना करण्याचा हेतू नाही. उम्मुल-मोमिनीन यांचा दर्जा तो त्यांचाच. पण बातमी घराच्या उंबरठ्यावर आल्यावर एका पती-पत्नीने तिचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. सूरह नूरने नंतर हाच प्रश्न सर्वांना विचारला की ते ऐकताच तुम्ही चांगला गुमान का केला नाही, आणि तुम्ही जी गोष्ट जिभेवरून जिभेवर नेली ती तुम्हाला हलकी वाटत होती परंतु अल्लाहजवळ ती फार भारी होती.

‘ती तर नटी, तिची कसली गीबत?’ असे म्हणणारे भेटतात. पडद्यावर जे उघड केले जाते त्यावर टीका करणे वेगळे आणि जे आपण पाहिले नाही त्याची साक्ष देणे वेगळे. बोहतान बोहतानच राहते, मग समोरची व्यक्ती नमाजी असो वा नसो, मुस्लिम असो वा नसो. हदीसमध्ये ‘मुफलिस’ म्हणजे दिवाळखोर कोण हे समजावताना प्रेषित (स.) यांनी अशा माणसाचे वर्णन केले आहे की जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याची पुण्ये एकेकाला वाटली जातील, आणि पुण्ये संपल्यावर त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील. हक्कुल्लाहबाबत क्षमेची आशा आहे. हक्कुल-इबादमध्ये ज्याचा हक्क, त्याच्याच हाती माफी असते. तुमच्या-माझ्या रमजानच्या रोजांचा एक हिस्सा ज्या बाईला आपण कधी भेटलोही नाही तिच्या खात्यावर जमा होत नाही ना, हा हिशेब भीतीदायक आहे.

तिच्यापर्यंत जाऊन माफी मागणे आपल्यापैकी कोणाला शक्य नाही. अशा वेळी उलमांनी मार्ग सांगितला आहे की मनापासून तौबा करावी, त्या व्यक्तीच्या भल्याची दुआ करावी, आणि ज्या बैठकीत वाईट बोललो त्याच बैठकीत आपले बोलणे मागे घ्यावे. आजची बैठक म्हणजे कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट. कित्येकांच्या फोनमध्ये ते जुने संदेश आजही पडून असतील. शोधून काढावेत, आणि ते जेथे पाठवले होते तेथेच खाली लिहावे की हे खरे नव्हते, मी शहानिशा न करता पाठवले होते. घरातील मुले त्या गटात आहेत. त्यांनाही ते वाचू द्यावे.